शस्त्रागारातली हळद

माझा नवरा बोटीवर इंजिनीअर आहे. वर्षातला निम्मा काळ तो समुद्रावर असतो आणि उरलेला निम्मा घरी बसून मला सल्ले देतो. मी दर शनिवारी सकाळी सिंगापुरातल्या टॅम्पिनीसहून एमआरटीची मेट्रो पकडून शहरातल्या एका जुन्या कवायतघरात फुकट गाइडगिरी करायला जायला लागले, तेव्हा त्यानं कुठल्याशा बंदरातून मेसेज केला, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला चाललीस होय?" म्हण इतकी चपखल बसली होती की मला उलट उत्तर सुचेना. एरवी उलट उत्तर ही आमच्या घरात माझीच मक्तेदारी.

खरं कारण त्याला सांगितलं नाही, इथे सांगते. आठवडाभर मी ऑफिसात स्क्रीनमध्ये डोकं घालून बसते. मीटिंगमध्ये मी दोन वाक्यं बोलले की लोक घड्याळाकडे बघतात. घरी मुलीला काही समजवायला गेलं की ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणते, "ओके लाह आई, आय नो ऑलरेडी." शनिवारी मात्र अनोळखी माणसं आपणहून येतात, माझ्यासमोर उभी राहतात आणि मी सांगते ते ऐकून घेतात. हा मान मला माहेरी मिळाला नव्हता, सासरीही नाही.

आता त्या कवायतघराविषयी. इंग्रजांच्या काळात सिंगापुरात पगारी सैन्याची कायम चणचण असायची. मग सरकारनं हौशी माणसांच्या तुकड्या उभ्या केल्या. आमच्या कवायतघरातली तुकडी इथेच जन्मलेल्या, इंग्रजी शिकलेल्या चिनी बाबूंची होती. शिपिंग कंपन्यांतले कारकून, गोदामांवरचे मुकादम, शाळामास्तर. दिवसभर खर्डेघाशी करायची आणि संध्याकाळी खाकी चढवून मैदानात डावा-उजवा करायचा. भिंतीवर त्यांचा एक फोटो आहे. काहींनी आपली लांब वेणी गुंडाळून टोपीत कोंबलेली दिसते. चेहरे असे की उद्याच लढाईवर निघालेत. खरं म्हणजे पाऊस आला की निम्मी तुकडी गैरहजर, आणि सिंगापुरात पाऊस कधी येत नाही? वर्षातून एकदा समुद्रकाठी तंबू ठोकून शिबिर व्हायचं, त्याला मात्र झाडून सगळे हजर. तिथे जेवण चांगलं असायचं. हे सांगितलं की ऐकणारे हसतात, विशेषतः इथली सक्तीची लष्करी नॅशनल सर्व्हिस करून आलेले पुरुष.

त्या घरातली माझी लाडकी जागा म्हणजे शस्त्रागाराची खोली. फार मोठी नाही, आमच्या फ्लॅटच्या हॉलएवढी असेल. जाड भिंती, उंचावर दोन खिडक्या, लोखंडी दार. कवायत संपली की प्रत्येकानं आपली बंदूक इथे आणायची, रॅकवर आपल्या नंबराच्या खाचेत उभी करायची, मग सगळ्या बंदुकांतून एक लोखंडी सळई आरपार जायची आणि तिला कुलूप लागायचं. बंदूक घरी न्यायची नाही. म्हणजे राज्य राखायला ही माणसं सरकारला हवी होती, पण हातात बंदूक घेऊन घरी गेलेली नको होती. हे सांगताना माझा आवाज चढतो. चढणारच. मी काही इंग्रजांची मिंधी नाही.

बंदुका कधीच सरकारजमा झाल्या. काप गेले नि भोकं राहिली म्हणतात तसं फक्त ते रॅक उरलं. सागवानी, माझ्या खांद्याएवढं उंच, प्रत्येक खाचेखाली पांढऱ्या रंगात नंबर. आणि तेसुद्धा आमचं नव्हतं. तुकडी मोडली तेव्हा ते फेकून देणार होते, म्हणून तुकडीतल्याच एका कारकुनानं ते बैलगाडीत घालून हौगांगकडच्या आपल्या घरी नेलं. त्याच्या नातवानं, आता तोही पंचाहत्तरीच्या पुढे गेलेला, ते आम्हाला काही काळासाठी दिलं होतं. ती मुदत संपत आली होती. त्या अंकलनी कळवलं होतं की मी येतो, तुमच्या गाइडचं बोलणं ऐकतो, मग काय ते ठरवतो. रॅक कायमचं द्यायचं की परत न्यायचं.

परत नेलं तर खोलीत दाखवायला चार भिंती उरणार होत्या. शेजारच्या कॅफेवाल्याचा त्या खोलीवर केव्हापासून डोळा होता, त्याला दुधाचे खोके ठेवायला जागा हवी होती. आमच्या संस्थेच्या मंडळींनी स्पष्टच सांगितलं होतं, रॅक राहिलं तर शस्त्रागार राहील, नाहीतर खोली भाड्यानं जाईल. आणि गाइड मी होते. म्हणजे परीक्षा माझी होती. पुढच्या शनिवारी.

माझे बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते. आई गेल्यापासून दरवर्षी काही महिने येतात. पुण्याजवळच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली, काडतुसांच्या विभागात. बोलणं मुळातच कमी. आई दोघांचं मिळून बोलायची, त्यामुळे ते कधी लक्षात आलं नव्हतं. इथे आले की सकाळी खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, जाऊन बसतात आणि चिनी म्हाताऱ्यांचा पटाचा खेळ बघतात. त्यांना तो खेळ येत नाही, त्या म्हाताऱ्यांना मराठी येत नाही, आणि तरी सगळ्यांचं उत्तम चाललेलं असतं.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी मी एक नवा उद्योग केला होता. बाबांसारखेच मुलांकडे राहायला आलेले चार-सहा आईवडील गोळा करून दुपारी मराठीतून फेरी काढली. मला वाटलं होतं आपल्या भाषेत सांगणं सोपं जाईल. कसलं काय. एका काकांनी पहिल्याच खोलीत खुर्ची मागितली, एका काकूंनी कॅफेत उपवासाचं काही मिळेल का विचारलं. पण शस्त्रागारात मात्र सगळे गप्प झाले.

तिथे मी शेवटी बंडाची गोष्ट सांगते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, चिनी नववर्षाच्या सुट्टीत, सिंगापुरातल्या हिंदी शिपायांच्या एका पलटणीनं बंड केलं. त्यांनी अधिकारी मारले, रस्त्यात सापडलेली साधी माणसंही मारली. शहराचं धाबं दणाणलं. तेव्हा हौशी तुकड्यांना बोलावणं गेलं. सणाच्या जेवणावरून उठून ही कारकून मंडळी या खोलीत आली आणि निशाणाच्या पाट्यांपलीकडे कधी कशावर न झाडलेल्या बंदुका त्यांनी खऱ्या कामासाठी बाहेर काढल्या. पुढे बंडवाल्यांना भर लोकांसमोर गोळ्या घातल्या. आमच्या या तुकडीनं नुसता पहारा केला की कुणी गोळीही झाडली, हे आज कुणालाच ठाऊक नाही.

"म्हणजे आपल्याच माणसांवर की हो," खुर्चीवाले काका म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "आणि त्या माणसांनी इथल्या निरपराध माणसांवर."

मग काकूंना चहाची आठवण झाली आणि मी सगळ्यांना कॅफेकडे नेलं. चहा समोर आल्यावर पाहते तर बाबा नाहीत. स्वच्छतागृहात गेले असतील म्हणून थोडी थांबले आणि मग शोधायला परत शस्त्रागारात गेले.

बाबा रॅकसमोर हात जोडून उभे होते, चपला दाराबाहेर. रॅकच्या वरच्या आडव्या पट्टीवर बोटांनी ओढलेली हळदीची आणि कुंकवाची ठसठशीत बोटं, आणि त्यांवर एक झेंडूचं फूल.

"बाबा! हे काय केलंत?"

"अगं, आज खंडेनवमी आहे," ते म्हणाले. मला तारीख सांगावी तितक्या सहज.

खंडेनवमी होती हे मला माहीत नव्हतं असं नाही. सकाळीच त्यांनी घरातला स्क्रूड्रायव्हर, विळी आणि माझा ऑफिसचा लॅपटॉप पाटावर मांडून पूजा केली होती. विळीही तेच दरवर्षी पुण्याहून आणतात, कारण माझ्याकडची मी हरवते असा त्यांचा आरोप आहे. उरलेली हळदकुंकवाची पुडी शर्टाच्या खिशात घातली असणार. कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची, पेढे वाटले जायचे, आम्ही मुलं वर्षातून तेवढ्या एका दिवशी फाटकाच्या आत जायचो. शस्त्र ठेवायची जागा समोर आहे, दिवस नवमीचा आहे आणि खिशात पुडी आहे. आमच्याकडच्या कुठल्याही माणसाचा हात शिवशिवलाच असता. पण हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं की ते लाकूड पॉलिश न केलेलं, कोरडं, शंभर वर्षांचं आहे, आणि हळद लाकडात शिरली की शिरली.

मी ओरडले. कशी ओरडले ते सांगत नाही. बाबा बाहेर गेले. मी फूल उचलून पर्समध्ये टाकलं, कागदी रुमालानं सुकी हळद झटकली, तर खाली पिवळे पट्टे तसेच. मी डोक्याला हात लावून बसले असताना बाबा परत आले. झाडूफडक्यांच्या खोलीतून त्यांनी कपड्याच्या साबणाची वडी पैदा केली होती, रुमाल ओला केला होता, आणि मी "बाबा, नको" म्हणेपर्यंत त्यांनी पट्टीवर तो खसाखसा घासलासुद्धा.

हळदीला साबण लागला की काय होतं हे पोळ्यांचा डबा घासणाऱ्या कुणालाही विचारा. पिवळे पट्टे लालभडक झाले. शस्त्रागार, बंदुकांचं रॅक, आणि त्यावर ताज्या रक्तासारखे लाल ओघळ. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे.

बाबा रुमालाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. "चुकलंच माझं," म्हणाले. आता मला त्यांच्यावर ओरडताही येईना.

आमच्या संग्रहाची देखभाल एक चिनी बाई करते. वयानं माझ्याहून लहान, पण मी तिला घाबरते. वस्तूला हात लावायचा नाही, श्वास जपून सोडायचा, आणि उजेड हा पहिल्या नंबरचा शत्रू. तिच्यामुळे त्या खोलीच्या खिडक्या कायम बंद असत. मी तिला फोन केला. ती सुट्टीसाठी मलेशियात गेली होती. मी सगळं सांगून टाकलं.

"आंटी," ती म्हणाली, "आता कुणीही काहीही करू नका. पाणी नाही, साबण नाही, काही नाही. मी सोमवारी येते."

रविवार कसा काढला ते विचारू नका. जेवण जाईना. दसऱ्याचं श्रीखंड डब्यात तसंच राहिलं. बाबा व्हॉइड डेकमध्येही गेले नाहीत, बाल्कनीत बसून राहिले. मुलगी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिच्या त्या मराठीत म्हणाली, "आजोबा, डोन्ट बी सॅड लाह. आई सगळ्यांवरच ओरडते." हे तिचं सांत्वन.

मी मनात अंकलसमोर उभी राहून माफी मागत होते. तुमच्या आजोबांची वस्तू आम्ही जपायला घेतली आणि वर हे करून ठेवलं. ते रॅक नेणार, खोलीत दुधाचे खोके येणार, आणि हे सगळं माझ्या वडिलांच्या हातून झालेलं असणार. मला खोली जाण्याचं दुःख होतंच. पण बाबांच्या डोक्यावर ते कायमचं बसेल, आणि ते पुन्हा इथे यायचं टाळतील, याची मला जास्त भीती वाटत होती.

सोमवारी ऑफिसला दांडी मारून गेले. ती बाई आधीच पोचली होती. डोळ्याला भिंग लावून तिनं डाग पाहिला, वास घेतला, एका बारीक काडीला कापूस लावून काहीतरी टिपलं. मी भिंतीला टेकून उभी होते.

"पिवळं ते टर्मरिक," ती म्हणाली. "आणि हे दुसरं, लाल पावडर?"

मी कुंकू म्हणजे काय ते सांगितलं.

"दुकानातली रंगाची पावडर असेल तर अवघड आहे. तो रंग उडत नाही."

मी तिथूनच घरी फोन लावला. "बाबा, कुंकू कुठलं आहे? बाजारचं का?"

"बाजारचं कशाला असेल?" ते दुखावल्यासारखे म्हणाले. "तुझ्या आत्यानं केलेलं आहे. हळकुंडांचं. दरवर्षी करते ती."

माझ्या आत्याचं आणि माझं फारसं पटत नाही. तरी त्या क्षणी ती समोर असती तर मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं असतं.

"हळदीचंच आहे," मी बाईला सांगितलं. "दोन्ही हळदच. आणि आमच्याकडे हळदीचा डाग पडलेला कपडा उन्हात टाकतात..."

"मला माहीत आहे," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. "आमच्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी शिकवतात. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. आंटी, मी सात वर्षं या खोलीत उजेड येऊ दिला नाही. आता मलाच खिडकी उघडायला लागणार."

आम्ही दोघींनी मिळून रॅक सरकवलं. तिनं ते सगळं काळ्या कापडात गुंडाळलं आणि डागापुरतं भोक ठेवलं. मग खिडकीची झडप ओढली. गंजलेली झडप किंचाळत उघडली आणि बाहेर पाहते तर आभाळ राखाडी. सुमात्राकडची रानं जळत होती, सगळ्या शहरावर धूर. त्यात दुपारी पाऊस. कपडे वाळत नाहीत म्हणून मी या देशाला रोज शिव्या घालते, पण ऊन या गोष्टीसाठी इतकी कासावीस मी कधीच झाले नव्हते. मंगळवारी ढग. बुधवारी ढग आणि गडगडाट. मी ऑफिसच्या खिडकीतून सारखी वर बघत होते. बॉसनं विचारलं काही प्रॉब्लेम आहे का. काय सांगणार, आमची हळद वाळत घातलीय म्हणून?

गुरुवारी वारा फिरला आणि ऊन पडलं. रणरणतं, पाठ भाजणारं, नेहमी ज्याला मी नावं ठेवते तेच ऊन. दुपारी त्या बाईचा मेसेज आला, "फेडिंग." शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः जाऊन पाहिलं. लाल रंग गेला होता. लाकडाच्या रेषांत कुठे कुठे फिकट पिवळी झाक तेवढी राहिली होती, तीही माहीत असलं तरच दिसणारी. माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन मी आठवडाभराचं श्रीखंड एका बैठकीत संपवलं.

"उद्या मीही येतो," बाबा म्हणाले.

"कशाला?"

"त्यांची माफी मागतो."

"काही मागायची नाही. डाग गेलाय. तुम्ही मागच्या रांगेत उभे राहा आणि बोलू नका."

बाबांनी मान हलवली. मला वाटलं, तो होकार आहे.

शनिवारी अंकल आले. बुटके, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. ते कुणाशी फारसं बोलले नाहीत. फेरीभर ते माझ्या अगदी समोर उभे होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. शिबिरातल्या जेवणावर सगळे हसले, ते हसले नाहीत. मला वाटत होतं ते धूळ शोधताहेत, रॅकची निगा तपासताहेत. शस्त्रागारात शिरल्यावर माझी नजर सारखी त्या पट्टीकडे जायला लागली. मी बंडाची गोष्ट सांगितली, दर शनिवारी सांगते तशीच. कमी केली नाही, वाढवली नाही. शेवटचं वाक्य संपलं आणि बाकीची मंडळी बाहेर निघाली. अंकल जागचे हलले नाहीत.

आणि मागच्या रांगेतून बाबा पुढे आले. रॅकपाशी जाऊन त्यांनी पट्टीवर नेमक्या जागी बोट ठेवलं आणि कारखान्यातल्या इंग्रजीत म्हणाले, "सर, हिअर. आय मेड धिस. व्हेरी सॉरी."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी अंकलना सगळं सांगितलं, खंडेनवमी, हळद, साबण, ऊन. अंकलनी चष्मा काढून वाकून पाहिलं.

"हा डाग?" ते म्हणाले. "माझी आई यात झाडू, छत्र्या आणि कपडे वाळवायचे बांबू ठेवायची. मांजरीनं खालच्या लाकडावर नखं घासली आहेत, ती बघा. डागाचं काय एवढं?"

मी हसले, जरा जास्तच जोरात. पण ते हसत नव्हते.

"तुम्ही शस्त्राची पूजा केलीत," ते बाबांना म्हणाले. "आधी तुमच्या मुलीनं ती बंडाची गोष्ट सांगितली होती का?"

"हो. ऐकली."

"त्या दिवशी माझे आजोबा बाहेर पडले होते. माझी आत्या सांगायची, सणाचं ताट टाकून गेले, दोन दिवसांनी आले, आणि नंतर त्या दिवसाविषयी एक अक्षर बोलले नाहीत. मरेपर्यंत. आम्हाला कधी कळलं नाही त्यांनी काय केलं. इथली गाइड इंडियन आहे असं कळलं, तेव्हा माझी बहीण म्हणाली, रॅक परत आण. दर शनिवारी कुणीतरी आपल्या आजोबांना खुनी म्हणणार, ते कशाला ऐकायचं? म्हणून मी ऐकायला आलो." मग बाबांकडे बघून म्हणाले, "त्यांनी तुमच्या माणसांना मारलं असेल, तरी तुम्ही पूजा केलीत?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. बाबांनी हातानं मला थांबवलं. ते इतकं सलग कधी बोलल्याचं मला आठवत नाही, मराठीतही नाही. इंग्रजी मोडकं होतं, मध्ये हिंदी येत होतं, पण अंकलना सगळं समजलं.

"मी काडतुसं केली," बाबा म्हणाले. "सगळी नोकरी तेच केलं. पेटीत भरली, पेटी गाडीत गेली. कुठे गेली, कुणाला लागली, मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारून पगार बंद झाला असता, मुलं लहान होती. वर्षात एक दिवस मी यंत्राला हळदकुंकू लावायचो. सगळे देवाकडे काय मागायचे मला माहीत नाही. मी म्हणायचो, माझ्या हातून गेलेलं ज्याला लागलं असेल, त्यानं मला माफ करावं." मग ते रॅककडे वळले. "तुमचे आजोबा बोलले नाहीत, कारण त्यांना माहीत होतं. मी बोललो नाही, कारण मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, ज्यांनी इथून बंदुका नेल्या, त्यांच्यासाठी कुणी हात जोडले नसतील."

खोलीत उन्हाचा एक पट्टा पडला होता. खिडकी अजून उघडीच होती. मी बाबांकडे बघत होते. लहानपणी त्या दिवशी कारखान्यात आम्ही पेढ्यासाठी रांगेत उभे राहायचो आणि बाबा यंत्रापुढे डोळे मिटून बराच वेळ उभे असायचे. मला तेव्हा त्यांचा राग यायचा, कारण त्यांचं आटपल्याशिवाय आम्हाला पेढा मिळायचा नाही.

अंकलनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"रॅक इथेच राहू दे," ते मला म्हणाले. "बहिणीला मी सांगतो. फक्त तू आज सांगितलंस तसंच सांगत जा. काय झालं ते माहीत नाही, असंच."

मी नुसती मान हलवली. एवढ्या दिवसांचं दडपण एकदम उतरलं आणि मला रडू फुटलं. मघापासून दारात उभ्या असलेल्या देखभालवाल्या बाईनं कागदी रुमाल पुढे केला आणि हळूच म्हणाली, "आंटी, लाकडापासून लांब रडा."

अंकल गेल्यावर बाबा दाराशी बसून चपला घालत होते. बोलताना कधी काढल्या होत्या, कळलंच नाही.

"मी जास्त बोललो का गं?" त्यांनी विचारलं.

"जास्त नाही बाबा," मी म्हटलं. "फार उशिरा बोललात."

त्यांनी दुसरी चप्पल पायात सरकवली आणि म्हणाले, "तुझ्या आईला सांगायचं राहिलं." मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले, आणि बंद व्हायची वेळ झाली तरी आम्हाला कुणी उठवलं नाही.